खटका

[डोंबिवली पूर्व. सकाळ. तिसऱ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर. स्टीलच्या डब्याला क्लिप लावणारा हात.]

हा आवाज ऐका. डब्याची क्लिप.

आपल्या लेखी याचा अर्थ एवढाच, की पोळी-भाजी भरून झाली. आता पलंगाखाली बघा.

[पलंगाखालच्या अंधारात दोन डोळे.]

ही बुंदी. वय अकरा महिने. जात गावठी, आणि ते सांगताना आवाज खाली आणायचं काही कारण नाही. मागच्या पावसाळ्यात रिक्षा स्टँडमागे सापडली, तेव्हा जेमतेम दीड महिन्याची होती.

क्लिप लागली की ताई निघणार, हे बुंदीला पक्कं ठाऊक आहे. क्लिप, मग मोजे, मग बॅग, मग किल्ल्या आणि शेवटी लॅचचा खटका. खटका व्हायच्या कितीतरी आधीच ती धापा टाकायला लागते. पंखा फुल्ल आहे. ही धाप उकाड्याची नाही, एकटं पडण्याच्या भीतीची आहे.

[फ्रिजवरून घेतलेलं मोबाईलचं चित्रण. कोपऱ्यात वेळ.]

हे चित्रण आमचं नाही. ताईने लोणच्याच्या बरणीला टेकवून मोबाईल ठेवला होता. दार लागलं. चौथ्या सेकंदाला बुंदी दारापाशी. अकराव्या सेकंदाला पहिलं विव्हळणं. मग येरझारा. दार, खिडकी, पुन्हा दार. फरशीवर चमकतंय ते पाणी नाही, लाळ आहे. ताटलीत उकडलेलं चिकन ठेवलंय, एरवी ज्यासाठी ती जीव टाकते. त्याला तोंडही लावलेलं नाही.

कंटाळलेलं कुत्रं बहुतेक वेळा आधी चिकन संपवतं, मग चप्पल फाडतं. इथे चपला जागच्या जागी आहेत. सोफा, उशा, सगळं शाबूत.

[दाराची चौकट, अगदी जवळून. कॅमेरा सावकाश खाली.]

फक्त दार.

शेजाऱ्यांच्या तक्रारी, सोसायटीचं पत्र, ताईच्या संपलेल्या रजा, हे सगळं झालं.

[ताई घरात येते. बुंदीचे कान मागे, शेपूट पायांत.]

हे दृश्य पाहून लोक म्हणतात, "बघा, चोराच्या मनात चांदणं." ताईसुद्धा तेच म्हणायची. ओरडायची. एकदा तर शूने ओल्या झालेल्या फरशीवर हिचं नाक दाबलं होतं. हे तिने आम्ही न विचारता, कॅमेऱ्यासमोर सांगितलं.

या चेहऱ्यावर न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी एक प्रयोग केला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. १४ कुत्री आणि त्यांचे मालक. खाऊला तोंड लावायचं नाही अशी ताकीद देऊन मालकाने बाहेर जायचं. परत आल्यावर काही मालकांना चक्क खोटं सांगितलं गेलं, की तुमच्या कुत्र्याने खाऊ संपवला. अपराधी चेहरा दिसला तो मालक रागावल्यावर. कुत्र्याने खाऊ खाल्लाय की नाही, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. उलट खाऊ न खाता बोलणी खाल्लेल्यांचा चेहरा जास्तच पडलेला होता.

तेव्हा ही बुंदी माफी मागत नाहीये. घरात आलेल्या माणसाचा राग तिने ओळखलाय. आधी तिला एकच भीती होती, ताई जाण्याची. ओरडण्याने दुसरी दिली, ताई येण्याची.

[समोरच्या घराचं उघडं दार. आजी मेथी निवडताहेत. बुंदी त्यांच्या पायाशी.]

डॉक्टरांनी आधी लघवी तपासली. तिथलं दुखणं नाही ना, हे बघायला. मग पहिली अट घातली: एकटं राहण्याचा सराव चालू असेपर्यंत हिला सोसवेल त्यापेक्षा एक मिनिटही एकटं सोडायचं नाही. नोकरी करणाऱ्या माणसाला हे ऐकवणं सोपं आहे. पण डोंबिवलीच्या जुन्या इमारतींमध्ये समोरचं दार अजून दिवसभर उघडं असतं. आजी म्हणाल्या, "आण हो इकडे. मला तरी कोण आहे बोलायला!"

पहिले दोन दिवस आजी शेजारी असूनही बुंदीची नजर जिन्याकडेच. बुडापेस्टच्या संशोधकांनी १९९८ मध्ये हेच नोंदवलं होतं. आई खोलीबाहेर गेल्यावर तान्ही मुलं काय करतात हे पाहण्याची जी चाचणी आहे, ती त्यांनी ५१ कुत्र्यांवर आणि त्यांच्या मालकांवर करून पाहिली. अनोळखी माणूस सोबतीला असला, तरी कुत्री मालक गेला त्या दाराशी जाऊन उभी राहायची. तिसऱ्या दिवशी मात्र बुंदीने मेथीचा देठ पळवला.

[संध्याकाळ. ताई किल्ल्या उचलते. सोफ्यावर बसते. किल्ल्या ठेवते.]

आता जे दिसेल ते बघायला कंटाळवाणं आहे. तरी बघा, कारण सगळं काम इथेच आहे.

किल्ल्या उचलायच्या आणि कुठेही जायचं नाही. बॅग खांद्याला लावून टीव्ही बघायचा. रात्री साडेनऊला रिकाम्या डब्याची क्लिप लावायची, काढायची, लावायची. दिवसाला वीस-पंचवीस वेळा. सहाव्या दिवशीची क्लिप.

[क्लिपचा आवाज. बुंदीचा एक कान हलतो. ती डोळे मिटते.]

मग लॅच. नुसता हात लावायचा. मग उघडायचा. मग जाळीच्या दारापर्यंत. मग बाहेर दोन सेकंद आणि परत आत. ना "बाळा, येते हं", ना आल्यावर लाड. दोन सेकंद, पाच, बारा, पुन्हा चार. दर वेळी वाढवत नेलं तर कुत्र्याला तेही कळतं, म्हणून मधूनच कमी.

[जिन्यात बसलेली ताई. मांडीवर डबा, हातात मोबाईल. पडद्यावर आतली बुंदी.]

ही जिन्यातली पायरी म्हणजे ताईची प्रयोगशाळा. जांभई, ओठ चाटणं, दारावर खिळलेली नजर, या अस्वस्थतेच्या खुणा. यातलं काही दिसलं की आजचा सेकंदांचा आकडा चुकला. विव्हळण्याची वाट बघायची नाही, त्याआधीच आत जायचं. विव्हळायला लागली म्हणजे उशीर झाला. वरचे काका जाता-येता विचारतात, "काय गं, किल्ली विसरलीस?" रोज विचारतात.

[फ्रीजरमधून ताटली. तिच्यावर थापून गोठवलेला दहीभात.]

मीठ, फोडणी, काही नाही. पूर्वी ती चिकनकडे बघत नव्हती. आता ताई दाराबाहेर असताना ताटली चाटते. पोट भरण्यापेक्षा हे मोजमाप म्हणून जास्त कामाचं आहे. चाटणं थांबलं, की ताई आत.

पाचव्या आठवड्यापासून गोळीही सुरू झाली, फ्लुओक्सेटीन. "कुत्र्याला गुंगीत ठेवता का?" असं आम्हाला चित्रीकरण करतानाही विचारलं गेलं. ही गुंगीची गोळी नव्हे. तिचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात. भीतीची पातळी थोडी उतरते, म्हणजे शिकवलेलं डोक्यात शिरायला जागा होते. सगळ्याच कुत्र्यांना ती लागते असं नाही. बुंदीला लागली.

सातवा ते नववा आठवडा आमच्याकडे नाही. कॅमेरा दुसऱ्या कामावर होता. त्यात एकदा वीस मिनिटांवरून पुन्हा तीस सेकंदांवर यावं लागलं, असं आजी सांगतात. खाली फटाके वाजले होते.

[फ्रिजवरचा मोबाईल. तीच खोली, तीच बरणी.]

तेरावा आठवडा. क्लिप. किल्ल्या. खटका.

[निवेदन नाही. बुंदी दारापर्यंत जाते. परत येते. दोनदा गोल फिरून पायपुसण्यावर बसते.]

अठरावं मिनिट.

[बुंदी कुशीवर. पंख्याचा आवाज. लांबून लोकलचा भोंगा.]

एकतिसावं.

[एक पाय झोपेत हलतो.]

बेचाळिसाव्या मिनिटाला मोबाईलची बॅटरी संपली. पुढचं चित्रण नाही.