झोपेत डोळे तेवढे हलतात

नमस्कार. स्वप्न चालू असतानाच त्याचे भान येणे, आणि चालता न येणाऱ्या माझ्यासारखीला त्यातून काय मिळते, हा माझा आजचा विषय आहे. आज रात्री या सभागृहातील प्रत्येक जण घरी जाऊन झोपेल आणि झोप लागल्यावर साधारण दीड तासाने त्याचे हातपाय काही मिनिटांसाठी लुळे पडतील. पहाटेपर्यंत असे चार-पाच वेळा होईल आणि दर खेपेला तो काळ लांबत जाईल. व्हीलचेअरवर बसून ऐकणारे आणि मागे भिंतीला टेकून ऐकणारे यांच्यात या बाबतीत काही फरक नाही. शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये झोपेची ही अवस्था प्रथम नोंदवली. मिटलेल्या पापण्यांखाली डोळे वेगाने हलत असतात, म्हणून तिला रेम (रॅपिड आय मूव्हमेंट, म्हणजे डोळ्यांची वेगवान हालचाल) झोप म्हणतात. आपली सर्वांत जिवंत, गोष्टीसारखी उलगडत जाणारी स्वप्ने याच अवस्थेत पडतात.

स्वप्नात आपण धावतो, तरी अंथरुणातून उठत नाही, कारण मस्तिष्कस्तंभातून, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या खालच्या भागातून, निघणारे संदेश मज्जारज्जूतील चेतापेशींना तेवढ्या वेळापुरते गप्प करतात. फ्रान्समधील ल्यों शहरात मिशेल जूव्हे यांनी मांजरांच्या मस्तिष्कस्तंभातील एक लहानसा भाग निकामी करून पाहिला, तेव्हा ती मांजरे गाढ रेम झोपेत असतानाच उठून दबा धरू लागली, समोर नसलेल्या भक्ष्यावर झेप घेऊ लागली. म्हणजे मेंदू चालण्या-धावण्याच्या आज्ञा रोज रात्री देतच असतो. त्या स्नायूंपर्यंत पोचू दिल्या जात नाहीत, एवढेच. माझ्या छातीच्या भागातला दहावा मणका वीस वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या अपघातात मोडला. आज्ञा निघते पण पोचत नाही, ही स्थिती मला दिवसाही परिचयाची आहे. तुम्हा सर्वांना ती रात्रीची आहे, इतकेच.

या सार्वत्रिक लुळेपणातून दोन गोष्टी सुटतात. एक श्वासपटल, नाहीतर आपण जगलोच नसतो, आणि दुसरी डोळे. आजच्या विषयाचे शास्त्र उभे राहिले ते या डोळ्यांमुळे.

स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असे कळणे, याला इंग्रजीत ल्युसिड ड्रीमिंग म्हणतात. मी त्याला सजग स्वप्न म्हणेन. हे नाव रूढ केले ते डच लेखक आणि डॉक्टर फ्रेडरिक व्हान एडन यांनी, १९१३ मध्ये. मात्र पुढची साठ वर्षे शास्त्रज्ञांनी त्यावर फारसा विश्वास ठेवला नाही, कारण जागे झाल्यावर सांगितलेल्या हकिगतीखेरीज पुरावा नव्हता. एप्रिल १९७५ मध्ये इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी ॲलन वर्सली या स्वयंसेवकाला झोपण्यापूर्वी एक खूण ठरवून दिली: स्वप्नात भान आले की डोळे ठरावीक वेळा डावीकडून उजवीकडे फिरवायचे. स्वप्नातली नजर फिरली की खरे डोळेही फिरतात. डोळ्यांची हालचाल नोंदवणाऱ्या यंत्राच्या कागदावर, रेम झोपेच्या ऐन मध्यात, ती ठरलेली खूण उमटली. स्वतंत्रपणे हेच काम करणारे स्टीफन लाबर्ज यांनी १९८० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यावर प्रबंध लिहिला. पुढे २०२१ मध्ये चार देशांतील प्रयोगशाळांनी मिळून तर झोपलेल्या माणसाशी संवाद साधून दाखवला. एका तरुणाला झोपेतच विचारले गेले, आठातून सहा गेले किती? त्याने डोळे दोनदा डावी-उजवीकडे फिरवून उत्तर दिले.

संपूर्ण शरीर निश्चल आणि बोलायला फक्त डोळे, हे वाचले तेव्हा मला आमच्यातली काही माणसे आठवली. मस्तिष्कस्तंभातील पक्षाघातामुळे किंवा चेतापेशींच्या आजारामुळे ज्यांना केवळ नजरेने अक्षरे निवडून बोलावे लागते, ती माणसे जे दिवसभर करतात तेच प्रयोगशाळेतल्या धडधाकट स्वयंसेवकांना शिकून घ्यावे लागले होते. सजग स्वप्नासाठी शरीराकडून जवळजवळ काहीच लागत नाही. फार थोड्या गोष्टींबद्दल असे म्हणता येते.

आता आमच्या स्वप्नांकडे वळते. अपघातानंतर तिसऱ्या महिन्यात मला मी चालते आहे असे स्वप्न पडले, आणि पुढे ते पडतच राहिले. मी ते सांगितले की सगळ्यांचे तोंड उतरत असे. हिने अजून मनाने स्वीकारलेले नाही, असा त्याचा अर्थ लावला जाई. आपल्याकडे म्हणच आहे, मनी वसे ते स्वप्नी दिसे. मीही बरीच वर्षे तसेच मानत होते आणि सकाळी स्वतःला दोष देत होते. म्हणून पॅरिसमधील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी कमरेखाली लुळ्या असलेल्या १५ जणांकडून सहा आठवडे स्वप्नांची रोजनिशी लिहून घेतली. त्यांपैकी दहा जणांना मज्जारज्जूची दुखापत झालेली होती आणि पाच जणांना जन्मापासून पॅराप्लेजिया, म्हणजे कमरेखालचा लुळेपणा, होता. दहांपैकी नऊ जण स्वप्नात पाय हलवत होते: चालत, धावत, नाचत, सायकल चालवत होते. जन्मतः लुळे असलेले तर पाचही जण. निरोगी माणसे स्वप्नात जितक्या वेळा चालतात तितक्याच वेळा हे लोकही चालत होते. व्यंग येऊन किती वर्षे झाली याचा त्याच्याशी संबंध आढळला नाही. त्यांतल्या एकाचे चालणे तर ६४ वर्षांपूर्वी थांबले होते. त्याच वर्षी जर्मनीतील संशोधकांनी जन्मतः पॅराप्लेजिया असलेल्या आणि जन्मतः मूकबधिर असलेल्या व्यक्तींची स्वप्ने तपासली, तेव्हा कोणते स्वप्न व्यंग असलेल्याचे आणि कोणते नसलेल्याचे हे वाचून ओळखता येत नव्हते.

जो कधी एक पाऊलही चालला नाही, त्याने गमावलेल्या चालण्याचा शोक करावा तरी कसा? आणि ६४ वर्षांनंतरही जे स्वप्न तितक्याच सहजपणे पडते, त्याला न स्वीकारण्याचे लक्षण म्हणणे मला अन्यायाचे वाटते. चालण्याची आखणी मेंदूत असते, मग ती जन्मजात असो किंवा इतरांना चालताना पाहून घडलेली असो, आणि झोपेत ती जागी होते. ज्यांच्या घरी असे कोणी आहे, त्यांनी ते स्वप्न ऐकून घ्यावे, तोंड पाडू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

सजगतेमुळे यात भर पडते ती निवडीची. म्युनिक येथील माक्स प्लांक मनोविकार संस्थेत २०११ मध्ये एका अनुभवी स्वप्नद्रष्ट्याने स्कॅनरमध्ये झोपून स्वप्नात मूठ आवळली, तेव्हा जागेपणी मूठ आवळताना मेंदूचा जो भाग काम करतो तोच भाग उजळला. डॅनिएल एर्लाखर यांच्या एका प्रयोगात सजग स्वप्नात नाणी कपात टाकण्याचा सराव केलेल्यांचा नेम सकाळी सुधारलेला दिसला. यावरून ‘स्वप्नात चाला आणि बरे व्हा’ असे सांगणारे भेटतात. तुटलेला मज्जारज्जू स्वप्नाने सांधला जात नाही, आणि जो तसे सुचवून पैसे मागतो त्याच्यापासून दूर राहावे. मूठ आवळल्याचा प्रत्यय मेंदूला खरा असतो. तो प्रत्यय हवाहवासा वाटतो, एवढे कारण मला पुरेसे आहे. वारंवार पडणाऱ्या भयस्वप्नांसाठी मात्र मानसोपचारात सजग स्वप्नांच्या पद्धतीचा अभ्यास झालेला आहे, आणि अपघाताचा क्षण ज्यांना रात्री पुन्हापुन्हा भोगावा लागतो त्यांनी त्याविषयी आपल्या तज्ज्ञाशी जरूर बोलावे.

हे शिकावे कसे, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. पुस्तकांतल्या सूचना बहुधा धडधाकट शरीर गृहीत धरतात. दिवसातून अनेकदा नाक चिमटीत धरून श्वास घेऊन पाहा, स्वप्न असेल तर श्वास चालूच राहील. किंवा हाताची बोटे मोजा, स्वप्नात ती कमीजास्त भरतात. मानेच्या मणक्याला इजा झालेल्या माणसाचा हात नाकापर्यंत जात नाही, आणि ज्याची बोटे आखडलेली आहेत त्याला ती मोजण्यात अर्थ नाही. पण त्यातले तत्त्व शरीरावर अवलंबून नाही. कुठलीही पाटी किंवा फोनवरची ओळ एकदा वाचावी, नजर वळवावी, पुन्हा वाचावी. स्वप्नात अक्षरे बहुतेक वेळा बदललेली असतात. याला नुसती नजर पुरते. आणि आमच्याजवळ याहून मोठी खूण आहे. मी दिवसातून अनेकदा हात चाकाच्या रिमवर ठेवून स्वतःला विचारत असे, ‘मी बसलेली आहे ना?’ काही आठवड्यांनी हाच प्रश्न स्वप्नात आला. हात खाली गेला, तिथे रिम नव्हती, आणि मी उभी होते. माझे पहिले सजग स्वप्न त्या क्षणी सुरू झाले. कुबड्या, कॅलिपर, कृत्रिम पाय, ज्याचे जे रोजचे साधन असेल, त्याची गैरहजेरी हीच त्याची खूण होऊ शकते.

दुसरी पद्धत म्हणजे पाच-सहा तास झोप झाल्यावर काही मिनिटे जागे होऊन, ‘आता स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न आहे हे मला आठवेल’ असा संकल्प करून पुन्हा झोपणे. उत्तररात्री रेम झोप जास्त असते म्हणून ही वेळ. इतरांना यासाठी गजर लावावा लागतो. बेडसोर होऊ नयेत म्हणून ज्यांची कूस रात्रीतून अनेकदा बदलावी लागते, त्यांना जाग आपसूक येते. पहिली दोन वर्षे आई माझ्यासाठी दर दोन तासांनी उठत असे. पहाटे चारची कूस बदलून झाली की ती पांघरूण नीट करी, आणि ती जाईपर्यंत मी मनात संकल्प म्हणत असे. वेगळा गजर लावून झोप मोडणे मात्र मी सुचवणार नाही. आमची झोप आधीच पुरेशी तुटकी असते.

याच संदर्भात दोन गोष्टी डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. नैराश्यावरची अनेक औषधे रेम झोप कमी करतात. स्वप्नेच पडत नसतील तर कारण कदाचित तिथे असेल, पण म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नये. आणि मानेच्या मणक्यात पूर्ण दुखापत असेल तर मेलाटोनिन हे झोपेचे संप्रेरक तयार होणे थांबते, कारण मेंदूकडून पिनियल ग्रंथीकडे जाणारा चेतामार्ग मानेतून मज्जारज्जूत उतरून पुन्हा वर जातो. अशा व्यक्तींमध्ये झोपेत श्वास अडखळण्याचा विकारही पुष्कळ आढळतो. त्याची तपासणी आधी, स्वप्ने नंतर.

जाग आल्यावर वाईट वाटत नाही का, असे विचारले जाते. साध्या चालण्याच्या स्वप्नातून जाग येई तेव्हा वाटत असे, कारण अपघाताची बातमी जणू पुन्हा नव्याने कळायची. सजग स्वप्नात ती बातमी मला आधीच ठाऊक असते. मी चालते आहे आणि माझी खुर्ची पलंगाशेजारी ब्रेक लावून उभी आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी माझ्या ध्यानात असतात. तरी प्रत्येकाला असेच वाटेल असे नाही. एका मैत्रिणीने चार-पाच अनुभवांनंतर हे सोडून दिले. तिला सकाळ जड जात होती. तिचा निर्णय मला योग्य वाटतो.

मी स्वप्नात सुरुवातीला धावले, उडाले, डोंगर चढले. अलीकडे भान आले की मी बहुधा आमच्या जुन्या घराच्या अंगणात जाते, शेणाने सारवलेल्या जमिनीवर अनवाणी उभी राहते, आणि तळव्यांना तिचा गारवा लागतो. तो पुरेसा लागला की मी डोळे डावी-उजवीकडे फिरवते आणि पुढे चालू लागते.