खालचं कोरडं, वरचं ओलसर

नमस्कार मंडळी. पोळा तोंडावर आलाय. खुंटीवरचा आसूड उतरवून पाहिलात का? मुठीच्या वरच्या अंगाला, जिथे चामड्याच्या वाद्यांची, म्हणजे पट्ट्यांची, टोकं दडवलेली असतात, तिथली नक्षीची गाठ बोटाने फिरवून बघा. फिरली? मग आजचं बोलणं तुमच्यासाठीच.

ही गाठ म्हणजे एकाच वादीने दांड्याभोवती वर-खाली करत विणलेलं कडं. खलाशी ती दोरात बांधतात, अर्जेंटिनाचे गुराखी कच्च्या, म्हणजे न कमावलेल्या, चामड्यात. गुंडाळलेल्या फेट्यासारखी दिसते म्हणून इंग्रजांनी तिला तुर्काचं डोकं म्हटलं. मी आपलं पागोटं म्हणतो. पण डोकंच नसेल तर पागोटं बसणार कशावर? सरळ दांड्यावर बांधलेली गाठ चपटी दिसते आणि घामेजल्या हाताखाली सरकते. म्हणून आधी खाली उंचवटा करायचा. त्याला मी भरण म्हणतो.

आता सारंगखेड्याची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझे मामा शहाद्याकडचे, घोड्यांचे भारी शौकीन. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. एकमुखी दत्ताचं दर्शन घ्यायचं आणि मग दिवसभर घोडेबाजार हिंडायचा, हा त्यांचा नेम. एका वर्षी मी म्हटलं, मामा, यंदा चाबूक माझ्या हातचा. निघायच्या आदल्या दिवशी बसलो. कच्च्या चामड्याची वादी पाण्यात भिजवली, मऊ झाली. तीच ओली वादी मुठीवर गुंडाळून भरण केलं आणि लगेच, त्याच बैठकीत, वर पाच पदरांची गाठ विणली. काय सुंदर दिसत होती! मामी म्हणाल्या, "दागिनाच की हा." मी फुगलो. रात्री त्यांनी भरीत केलं होतं, हिरव्या मिरच्यांचं, लाकडी बडगीत कुटलेलं. (भरीत मिक्सरमध्ये फिरवणाऱ्यांशी मला बोलायचंच नाही, पण तो विषय वेगळा.)

यात्रेत मामा तो चाबूक मिरवत फिरले. मार्गशीर्षातली कोरडी हवा, वर लख्ख ऊन. दुसऱ्या दिवशी दुपारी एका पांढऱ्या घोडीचा भाव चालला होता. मामांनी ऐटीत चाबूक उभा धरला आणि माझी गाठ सैल बांगडीसारखी घरंगळत त्यांच्या अंगठ्यावर येऊन बसली. घोडीवाला हसला, त्याचा पोरगा हसला. मला तर वाटलं, घोडीही हसली.

शेजारीच लगाम-खोगिराचं दुकान मांडलेलं होतं. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने चाबूक मागून घेतला. आरीचं टोक भरणात खुपसलं, बाहेर काढलं आणि माझ्या अंगठ्यावर टेकवलं. गार, ओलसर! म्हणाला, "कसानी घाई व्हती रे भाऊ? पाया वल्ला शे ना!"

मग त्याने समजावलं. कच्चं चामडं भिजलं की फुगतं, वाळलं की आवळतं. वरची गाठ वाऱ्याउन्हाने आधी वाळली, ती फुगलेल्या भरणाच्या मापाने कडक झाली. नंतर आतलं भरण आटलं. वरचं मोठं राहिलं, खालचं बारीक झालं. उलटं केलं असतं, तर गाठीनेच भरणाला मिठी मारली असती. तेव्हा लक्षात ठेवा: खालचं कोरडं, वरचं ओलसर. पुन्हा सांगतो, खालचं कोरडं, वरचं ओलसर. ओलसर म्हणजे निथळतं नव्हे.

त्याने तिथेच मेण लावलेला सुती दोरा घेतला आणि नवं भरण केलं. मधे पोट, दोन्हीकडे उतार, ढोलकीसारखं. रुंदी गाठीपेक्षा किंचित कमी ठेवली, म्हणजे गाठीच्या कडा उतारावरून खाली वळून दांड्याला भिडतात आणि आतला दोरा दिसत नाही. बोट फिरवून कुठे टेंगूळ लागतंय का पाहिलं. कारण खालचं टेंगूळ वरून झाकत नाही, उलट वाळल्यावर जास्तच उठून दिसतं.

घरी करताना दोऱ्याऐवजी कमावलेल्या चामड्याची पट्टी घेतलीत तर तिची टोकं रापीने, म्हणजे चामडं तासायच्या सुरीने, कागदासारखी पातळ करा. सुतळी नको, तिचे कंगोरे वर उमटतात. आणि ती काळी चिकटपट्टी तर मुळीच नको. भुसावळच्या ४५ अंशांत तिचा डिंक पाझरतो आणि भरण सरकतं. हल्ली सगळ्याच दुखण्यांवर लोक चिकटपट्टी लावतात, अगदी पाण्याच्या नळालासुद्धा! असो. कच्च्या वादीचंच भरण हवं असेल, तर कुरडया वाळवता तसं ते खडखडीत वाळू द्या, मगच वर वीण घाला.

कारागिराने मजुरी घेतली नाही. माझी ती सैल गाठ मात्र ठेवून घेतली आणि दुकानाच्या बांबूला वरच्या टोकाशी अडकवली. पुढच्या वर्षी गेलो तेव्हाही ती तिथेच होती. नवा पोरगा शिकायला बसला की म्हातारा आधी तिच्याकडे बोट दाखवायचा, आणि मी दिसलो की माझ्याकडे.