वाण्याची वही आणि कोळशाच्या रेघा

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय इंग्रजी अमदानीतल्या खेड्यातल्या वाण्याच्या दुकानाबद्दल. मीठ, तेल, गूळ, बियाणं, सगळं एका छपराखाली आणि बहुतेक सगळं उधार. सुगी झाली की फेड. दाणे नेले तर सवाईने. चार पायल्या नेल्या, पाच आणून घालायच्या. गुळावरून आठवलं, हल्लीचा तो पिवळाधमक गूळ मी घरात येऊ देत नाही. गूळ काळाच हवा. असो.

तर माल नेणारे शंभर, पण वहीत लिहिणारा हात एकच. 1859 च्या मुदतीच्या कायद्यामुळे साध्या कर्जखतावर तीन वर्षांत दावा लावावा लागे. म्हणून दर तीन वर्षांनी व्याज मुदलात मिसळून नवा कागद, खाली कुणब्याचा अंगठा. लिहिणारा हात मात्र तोच, एकच. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला रयत जमली. तिने मागितल्या त्या वह्या आणि खतं, आणि हाती लागली ती जाळली. पुढे 1879 चा कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्याला पावती आणि पासबुक मागायचा हक्क मिळाला. पण वाचता कुणाला येत होतं?

आमच्या थोरल्या आजीला, म्हणजे वडिलांच्या आजीला, येत नव्हतं. ती कोनाड्याखाली भिंतीवर कोळशाने रेघा ओढायची. पायलीला रेघ, तेलाच्या पळीला टिंब. दिवाळीआधी सगळं घर सारवायची, तेवढी वीतभर जागा सोडून. जावा हसायच्या.

एका दिवाळीला वहीपूजनाआधी शेटजी म्हणाले, "अकरा पायल्या." ही म्हणाली, "नऊ." शेटजींनी वही पुढे केली. ही म्हणाली, "माझी वही बघाया घरी चला. ती काय मला उचलून आणता येत न्हाई."

आले बिचारे, बगलेत वही घेऊन. मागे निम्मी आळी. भिंतीला नाक लावून मोजलं. "ही रेघ आखूड का?"

"त्या दिशी तुमी माप सपाट दिलं, शीग न्हवती."

आळी हसली. शेटजी पानं उलटत बसले, तर दोन पायल्या जावेच्या नावच्या हिच्या खात्यात पडलेल्या. त्यांनी खोडलं नाही. वाणी वहीत खोडत नाही. बोरू काढून हिच्या खात्यात दोन जमा केल्या, जावेकडे दोन नावे टाकल्या. आजीने तिथल्या तिथे घमेल्यातलं शेण घेऊन ती वीतभर जागा सारवून टाकली.

संध्याकाळी फराळाला गूळ हवा होता. काळाच, अर्थात. उधारच. ओल्या भिंतीवर कोळसा उठेना, म्हणून नव्या सालाची पहिली खूण तिने चुलीमागे केली.