आतित्लानचे पाणी आणि सामाबाज

ग्वातेमालाच्या डोंगराळ प्रदेशातील आतित्लान सरोवराचा इतिहास सांगायचा, तर सुरुवात त्याच्या पाण्यापासूनच करावी लागते. समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून अधिक उंचीवरचे आणि तीनशे मीटरहून अधिक खोल असलेले हे सरोवर ज्वालामुखीच्या एका प्रचंड उद्रेकानंतर जमीन खचून झालेल्या खळग्यात साठले आहे. त्याला नद्या येऊन मिळतात, पण त्यातून एकही नदी बाहेर पडत नाही. पाणी जमिनीखालच्या फटींतून झिरपून जाते. या फटी मोकळ्या झाल्या की सरोवर उतरते आणि बुजल्या की चढते. १९७६ च्या भूकंपानंतर महिन्याभरात पातळी सुमारे दोन मीटरने खाली गेली होती.

हे ध्यानात घेतले, म्हणजे सामाबाजचे, म्हणजे या सरोवराच्या पाण्याखाली सापडलेल्या प्राचीन पूजास्थानाचे, कोडे बरेचसे सुटते. रोबेर्तो सामायोआ या पाणबुड्याला १९९६ साली सरोवराच्या तळाशी बांधकामाचे अवशेष आढळले. त्याच्या आडनावाला ‘दगड’ या अर्थाचा ‘आबाज’ हा माया, म्हणजे या प्रदेशातील मूळ रहिवाशांच्या भाषेतला, शब्द जोडून स्थळाला नाव मिळाले. शोधणाऱ्याचे नाव असे दगडात मुरलेले क्वचितच दिसते. पुढे पुरातत्त्वज्ञांनी तेथे उभ्या शिळा, वेदी, धूपपात्रे आणि घरांच्या भिंती नोंदवल्या. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी हे सरोवरातले एक बेट होते, आणि पाणी चढल्यावर ते सोडून देण्यात आले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. वृत्तपत्रांनी त्याला दंतकथेतल्या बुडालेल्या बेटावरून ‘मायांचे अटलांटिस’ म्हटले, ते मला रुचत नाही. बेट खचले नाही, सरोवर वर आले, आणि हा फरक केवळ शब्दांचा नाही.

बेटावरच पूजास्थान का, याचे उत्तर माया विश्वकल्पनेत शोधता येते. सृष्टीच्या आरंभी सर्वत्र पाणीच होते आणि त्यातून पर्वत वर आले, असे ‘पोपोल वुह’ हा मायांचा पुराणग्रंथ सांगतो. किनाऱ्यावरच्या त्झुतुहिल या माया लोकांच्या दृष्टीने हे सरोवर म्हणजे त्या आदिजलाचेच रूप, आणि त्यांची भूमी ही पृथ्वीची नाभी. पाण्यातून वर आलेल्या बेटावर शिळा उभारणाऱ्यांच्या मनात असेच काही असावे, असे मला वाटते. मात्र या श्रद्धा पुष्कळ नंतरच्या काळात नोंदल्या गेल्या आहेत, म्हणून हे अनुमान जपूनच करावे.

१५२४ मध्ये स्पॅनिश सेनानी पेद्रो दे आल्वारादो शेजारच्या कक्चिकेल या माया लोकांच्या सैनिकांसह त्झुतुहिलांवर चालून आला, तेव्हाही पाणीच कामी आले. किनाऱ्यालगतच्या खडकावर पराभूत झालेल्या त्झुतुहिल योद्ध्यांनी सरळ सरोवरात उड्या टाकल्या, आणि स्पॅनिशांच्या मित्र कक्चिकेलांच्या होड्या पोहोचण्यापूर्वी त्यांतले अनेक जण पोहत निसटले. राज्य मात्र थोड्याच दिवसांत शरण गेले.

सरोवराचा हा स्वभाव आजही बदललेला नाही. २०१० च्या अगाथा वादळानंतर पातळी पुन्हा चढली, आणि काठावरची घरे व शेते पाण्याखाली गेली.