माल रस्त्यात आणि नियम बदलला

हे आपलं लासलगाव, नाशिक जिल्ह्यातली कांद्याची मोठी बाजारपेठ. ट्रॅक्टरच्या रांगा लागल्यात, लिलाव चालू आहे, व्यापारी कांदा हातात घेतो, दाबून बघतो आणि बोली लावतो. इथून माल खळ्यावर जातो, तिथे बायका साइजप्रमाणे निवडतात, लाल जाळीच्या गोण्या भरतात, मग कंटेनर, मग न्हावा शेवा बंदर.

आता बघा, परदेशातल्या पार्टीशी रेट आधीच ठरलेला असतो, त्या हिशोबानेच व्यापाऱ्याने इथे बोली लावलेली असते. आणि १९ ऑगस्ट २०२३ला, शनिवारी, केंद्राने ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, लगेच लागू. म्हणजे १०० रुपयांच्या मालावर ४० रुपये जास्तीचे, आणि पार्टी म्हणणार रेट तर ठरलाय ना. ते ४० कुणाच्या खिशातून जाणार? सोमवारपासून नाशिकमधले लिलाव बंद पडले.

ऑक्टोबरच्या शेवटी किमान निर्यात मूल्य ८०० डॉलर टन, किलोला साधारण ६७ रुपये, त्याच्या खाली विकायचंच नाही. मग ८ डिसेंबरपासून सरसकट बंदी, नोटिफिकेशन आदल्या दिवशीचं. ज्याचं लोडिंग सुरू झालेलं किंवा माल कस्टमच्या ताब्यात गेलेला त्याला सूट होती, पण जो कंटेनर अजून घाटात होता त्याचं काय? आणि हा लाल कांदा, उन्हाळ कांद्यासारखा कांदाचाळीत महिनोन्महिने टिकत नाही, कोंब फुटतात, पाणी सुटतं, शेवटी मिळेल त्या भावात काढावा लागतो. तो फटका परत शेतकऱ्यालाच, कारण पुढच्या लिलावात व्यापारी भीतीपोटी बोलीच कमी लावतो.

बंदी ३१ मार्चपर्यंत सांगितली होती, ती पण वाढवली. ४ मे २०२४ला उठली, पण ५५० डॉलर टन किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवूनच. सप्टेंबरात ते डॉलरचं बंधन गेलं, शुल्क २० टक्के. तेरा महिन्यांत सहा बदल! शहरात भाव भडकू नयेत हे सरकारने बघायलाच पाहिजे, ते मान्यच आहे. पण दुबई, कोलंबोचा ग्राहक थांबत नाही हो, तो पाकिस्तानचा कांदा घेतो, आणि एकदा तिकडे गेलेली पार्टी परत आणायला वर्षं जातात.

१ एप्रिल २०२५ला शुल्क पूर्ण काढलं. त्याची घोषणा मात्र २२ मार्चलाच झाली होती, दहा दिवस आधी. तेवढेच दहा दिवस त्या डिसेंबरात मिळाले असते तर घाटातला कंटेनर बंदरावर पोचला असता.