मेटल बॉडी? कुठला मेटल ते सांगा!

"फुल मेटल बॉडी आहे दादा, टेन्शनच नाही!" सेकंडहँड कॅमेरा विकणाऱ्याचं हे ठरलेलं वाक्य. त्यावर आपण दोनच गोष्टी विचारायच्या: कुठला मेटल? आणि त्याच्यावर काय चढवलंय?

नमस्कार मंडळी. पितळेपासून सुरुवात करू, कारण नाशिककराला पितळ समजावून सांगावं लागत नाही, भांडी बाजारात एक चक्कर पुरते. जुन्या मेकॅनिकल कॅमेऱ्यांची वरची प्लेट बऱ्याचदा पितळेची असायची. १९५४ चा लायका एम-३ घ्या. पितळ जड खरं, पण मशिनवर छान कापलं जातं, त्यावर आकडे स्वच्छ कोरता येतात आणि क्रोम पक्कं बसतं.

[जवळून: वरच्या प्लेटचा झिजलेला कोपरा]

हे बघा. कडेचा काळा रंग उडालाय आणि खालून पिवळं डोकावतंय. याला ब्रासिंग म्हणतात. घरातल्या पातेल्याची कल्हई उडाली की आई कटकट करते. कॅमेऱ्याचा रंग उडाला की मालक भाव वाढवतो! काही महाभाग तर नवा कॅमेरा पॉलिश पेपरने घासून मुद्दाम म्हातारा करतात. मला हे अजिबात पटत नाही. ओळखायचं कसं? खरी झीज हात आणि पट्टा लागतो तिथे होते: कडा, पट्ट्याच्या कड्या, शटर बटणाच्या आजूबाजूला. जिथे कधी बोटच जात नाही तिथे पिवळं दिसलं, तर समजून जा.

आता वजन. २०२२ च्या लायका एम-११ मध्ये चंदेरी मॉडेलची वरची प्लेट पितळेची, काळ्याची ॲल्युमिनियमची. बाकी कॅमेरा तोच. पण चंदेरी सुमारे ६४० ग्रॅम आणि काळा ५३०. एका झाकणापायी एवढा फरक!

म्हणूनच आजच्या बहुतेक महागड्या बॉडी मॅग्नेशियम मिश्रधातूच्या. पितळेची घनता साडेआठच्या आसपास, मॅग्नेशियमची १.७४. पातळ भिंतींचे गुंतागुंतीचे आकार साच्यात ओतून निघतात. दुखणं एकच: उघडं पडलं की हवा-पाण्याने खराब होतं. त्यामुळे आधी रासायनिक थर, मग रंग. उघड्या मॅग्नेशियमचा चकचकीत कॅमेरा तुम्हाला दिसणार नाही. रंग उडालेल्या जागी पांढरी पूड दिसली, तर तो सौदा सोडा.

टायटॅनियम? हलकं, चिवट, आणि मशिनिंगला डोकेदुखी, म्हणून महाग. फुजीच्या एक्स-प्रो ३ ला वर-खाली तेच आहे. पुढे चला.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला असाल तर पुढचा अर्धा मिनिट पळवा, तुम्ही रोज बघता. ॲल्युमिनियमचा जॉब, म्हणजे तयार केलेला भाग, सल्फ्युरिक ॲसिडच्या टाकीत सोडायचा, करंट द्यायचा, की त्याच्याच पृष्ठभागातून ऑक्साइडचा कडक थर तयार होतो. त्या थराला बारीक छिद्रं असतात. त्यात काळा रंग मुरवायचा आणि गरम पाण्याने तोंडं बंद करायची. हे ॲनोडायझिंग. वरून फासलेलं नसल्यामुळे रंगासारखे पापुद्रे निघत नाहीत. खोल ओरखडा मात्र चंदेरी दिसतो, आणि जुना काळा कधी कधी जांभळट पडतो.

खरी करामत लेन्सच्या आत आहे. फोकसची रिंग फिरवा.

[जवळून: रिंग सावकाश फिरतेय]

हा लोण्यासारखा फील येतो कुठून? आत एकात एक फिरणारे आटे आहेत. ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम घासलं तर ते एकमेकांना धरतं आणि रिंग जाम होते. म्हणून चांगल्या जुन्या लेन्समध्ये अनेकदा एक आटा पितळेचा, दुसरा ॲल्युमिनियमचा, आणि मध्ये घट्ट ग्रीस. रिंग खरखरली तर आधी ग्रीस सुकलंय का बघा.

शेवटचं, पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबकला जाणाऱ्यांसाठी. धातू पाणी अडवत नाही. पाणी अडवतात बटणांखालची, दारांभोवतीची आणि माउंटवरची, म्हणजे लेन्स बसते तिथली, रबरी सीलं. पितळेचा जुना कॅमेरा कितीही दणकट वाटला तरी त्यात बहुधा एकही सील नसतं. त्याला छत्री धरा. आणि तुमच्याकडे ब्रासिंग झालेला कॅमेरा असेल, तर कुठे झिजलाय ते कमेंटमध्ये टाका.