ज्याची त्याची प्रार्थना

[दृश्य : इंदूर, सकाळ. पोह्यांच्या गाडीवर गर्दी जमते आहे. पाठीवर दप्तर घेतलेली मुलं स्कूल बसची वाट बघत उभी आहेत.]

निवेदन :

इंदूरमधलं मराठी म्हटलं की रामबाग, राजवाडा, होळकर, गणेशोत्सव हे लगेच डोळ्यांसमोर येतं. याच शहरात मराठी बोलणारी ख्रिस्ती घरंही आहेत, हे मात्र पुष्कळ मराठी माणसांनाच ठाऊक नसतं. कुणाचे आजोबा नगर-जालन्याकडून रेल्वेच्या नोकरीनं इकडे आले, कुणाची आजी नर्स म्हणून आली, कुणाचे वडील महूच्या छावणीत होते. आजीला 'जय ख्रिस्त' म्हणायचं, चर्चच्या आवारात 'जय मसीह की', आणि शाळेत 'गुड मॉर्निंग मॅम'. या घरांतली मुलं अशी तीन भाषांत वाढतात.

हा माहितीपट त्या मुलांचा आहे. साधारण तेरा ते अठरा वयाची, आठवीपासून बारावीपर्यंतची. ती संडे स्कूलला, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या मुलांच्या वर्गाला, गेलेली आहेत. नाताळच्या नाटकात मेंढपाळ झालेली आहेत. येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना त्यांना झोपेतही म्हणता येते. तरीही त्यांच्यातल्या एखाद्याला एकट्याला विचारलं, "तू स्वतः, कुणी न सांगता, प्रार्थना करतोस का?" तर तो बराच वेळ गप्प राहतो.

[दृश्य : चर्चचं आवार. रविवारची उपासना सुटते आहे.]

कॅनडाच्या प्रेसबिटेरियन मिशननं १८७७ साली इंदुरात काम सुरू केलं. १८८७ साली इंदूर क्रिश्चन कॉलेज उभं राहिलं. म्हणजे इथल्या ख्रिस्ती मंडळीला सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, इमारती आहेत, शाळा आहेत, नेमलेले पाळक (पास्टर) आहेत. एवढं सगळं भोवती असताना मुलगा देवाशी एक वाक्यही स्वतःहून बोलत नाही, असं होऊ शकतं का? होऊ शकतं. पवित्र शास्त्रातच तशी गोष्ट आहे.

शमुवेल नावाचा मुलगा शिलो गावच्या मंदिरात वाढला. त्याच्या आईनं, हन्नेनं, नवस केला होता, म्हणून तो लहानपणापासून तिथेच राहायचा, तिथेच सेवा करायचा, देवाच्या कोशाजवळ, म्हणजे पवित्र पेटीजवळ, झोपायचा. देवाच्या घराच्या याहून जवळ कोण असणार? आणि तरी शास्त्र स्पष्ट सांगतं की शमुवेलाला अजून परमेश्वराची ओळख झाली नव्हती. रात्री हाक आली तेव्हा तो उठून तिथल्या याजकाकडे, एलीकडे धावला. एकदा नाही, तीनदा. म्हाताऱ्या याजकाच्या लक्षात यायलाही तिसरी वेळ उजाडावी लागली.

त्यानंतर एलीनं जे केलं, ते प्रत्येक आईवडिलांनी आणि तरुण संघाच्या प्रत्येक पुढाऱ्यानं नीट बघावं. त्यानं मुलाला काय म्हणायचं ते सांगितलं, एकच छोटं वाक्य : बोल हे परमेश्वरा, तुझा दास ऐकत आहे. आणि त्याला परत पाठवलं. एकट्याला. स्वतः सोबत गेला नाही, दाराशी उभा राहून कान देऊन ऐकत बसला नाही.

आमच्या घरांत याच्या उलट होतं. आम्ही मुलासाठी प्रार्थना करतो, मुलाच्या वतीनं करतो, मुलासमोर लांबलचक करतो. रात्री कौटुंबिक प्रार्थनेत सगळ्यांनी मिळून गुडघे टेकायचे, बाबांनी बोलायचं, मुलांनी शेवटी आमेन म्हणायचं. ही प्रथा सुंदर आहे, ती मोडू नये. पण तेवढ्यावर थांबलेल्या मुलाला सोळाव्या वर्षीही आमेनच्या पलीकडे शब्द सापडत नाहीत.

[दृश्य : दोन खोल्यांचं घर. स्वयंपाकघरात कुकर. बाहेरच्या खोलीत टीव्ही आणि अभ्यास एकाच वेळी.]

आधी जागेचा प्रश्न. येशूनं शिकवलं की प्रार्थना करायची तर आपल्या खोलीत जा, दार लावून घे. दोन खोल्यांच्या घरात, जिथे आजी, धाकटा भाऊ आणि फ्रिज एकाच खोलीत आहेत, तिथे मुलीनं कुठलं दार लावायचं? हा प्रश्न थट्टेवारी नेऊ नका. एकांत नसेल तर मोठी माणसंही मन उघडून बोलत नाहीत, आणि चौदाव्या वर्षी तर संकोच फारच असतो. काही मुलांनी गच्ची शोधली आहे. एकानं जिन्यातली वरची पायरी धरली आहे. एक मुलगी क्लासहून परतताना दहा मिनिटं आधीच्या थांब्यावर उतरते आणि उरलेला रस्ता चालत, मनातल्या मनात बोलत येते. तिची प्रार्थना रस्त्यावर होते आणि ती पूर्ण प्रार्थना आहे. घरच्यांना एवढं मात्र करता येईल : ठरावीक पंधरा मिनिटं टीव्ही बंद, आणि त्या वेळेत तिला कुणी हाक मारायची नाही.

आणि मंडळ्यांनाही एक विनंती. आपली चर्चची इमारत आठवड्यातले पाच-सहा दिवस कुलूपबंद असते. संध्याकाळी तासभर दार उघडं ठेवा. कार्यक्रम नको, माईक नको. मुलांना बसायला शांत जागा एवढंच पुरे.

मग वेळ. सवयीबद्दल लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात ९६ माणसांनी रोज करायची एखादी साधी गोष्ट निवडली होती, आणि ती दिवसातल्या ठरावीक प्रसंगाला जोडली होती, जसं न्याहारीनंतर. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. पण माणसामाणसांत फरक खूप होता : कुणाला १८ दिवस, तर कुणासाठी अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. आणि मला सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट ही की मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली नाही.

हे मुलांना सांगायलाच हवं. कारण ख्रिस्ती घरातल्या मुलाचा एक दिवस चुकला की त्याला वाटतं, आपण देवाला फसवलं. दुसऱ्या दिवशी त्या अपराधी भावनेनं तो पुस्तक उघडत नाही. तिसऱ्या दिवशी तर नाहीच. चुकलेल्या एका दिवसापेक्षा ही भावनाच जास्त नुकसान करते. चुकलं, तर आजचं आज वाचायचं. कालचं भरून काढायचं नाही.

इंदूरच्या मुलांना दिवसातले ठरलेले प्रसंग भरपूर आहेत. सकाळी कचरागाडीचं गाणं गल्लीत शिरतं, त्याआधी पाच मिनिटं. दूध तापेपर्यंत. भंवरकुआंचा क्लास सुटल्यावर, बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली की. रात्री अकरानंतरची वेळ मात्र शक्यतो नको. तेव्हा डोळे मिटायला आलेले असतात आणि हातात फोन असतो.

[दृश्य : टेबलावर जुनं, कापडी पुठ्ठ्याचं मराठी पवित्र शास्त्र. शेजारी मोबाइल.]

आता वाचायचं काय? एक जानेवारीला उत्साहानं उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरुवात होते. संपूर्ण पवित्र शास्त्रात ११८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचं तर रोज तीनहून जास्त. उत्पत्ती गोष्टींमुळे सरते, निर्गमाचा पहिला भाग सरतो, मग निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं येतात, लेवीयमधले होमबलीचे नियम येतात, आणि फेब्रुवारीत पुस्तक परत कपाटात जातं. यात मुलाचा दोष काहीच नाही. सुरुवातच अवघड जागेवरून झाली.

मार्कपासून सुरुवात करा. येशूची गोष्ट सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत ते सगळ्यात लहान : १६ अध्याय. मोठ्यानं वाचलं तर साधारण दीड तासात पूर्ण होतं. गोष्ट पळते. पहिल्याच अध्यायात येशू भल्या पहाटे अंधारात उठून एकटा प्रार्थनेला जातो, आणि शिष्य त्याला शोधत येतात की सगळे तुम्हाला शोधताहेत. ज्या मुलाला कुठेच एकटं राहू दिलं जात नाही, त्याला हे ओळखीचं वाटतं. आणि चौदाव्या अध्यायात, येशूला अटक होते तेव्हा, अंगावरचं तागाचं वस्त्र धरणाऱ्यांच्या हाती सोडून उघडाच पळालेला तो तरुण! संडे स्कूलमध्ये त्याच्याबद्दल कुणी सांगितलेलं नसतं. मुलं तो स्वतः वाचताना शोधून काढतात आणि धावत विचारायला येतात, हा कोण? शास्त्र त्याचं नाव सांगत नाही. पण तो प्रश्न मुलाचा स्वतःचा असतो, त्याचं मोल फार आहे.

भाषेचं काय, हे आया आम्हाला काळजीनं विचारतात. मुलगा हिंदी आणि इंग्रजी झरझर वाचतो, आजीच्या मराठी शास्त्रात अडखळतो. त्याला रागावू नका. रोजचं वाचन ज्या भाषेत मन लवकर पोचतं त्या भाषेत होऊ द्या, हिंदीत झालं तर हिंदीत. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं इब्री (हिब्रू) आणि ग्रीक मुळांवरून मराठी भाषांतर करण्यात घालवली, ती साध्या बायकांना समजावं म्हणून. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ साली ते शास्त्र छापून निघालं. समजणं किती महत्त्वाचं, हे त्या बाईनं जिवाचं रान करून दाखवलं आहे. मराठीसाठी रविवारची दुपार ठेवा. आजीनं एक स्तोत्र मोठ्यानं वाचावं, नातवानं ऐकावं. पुढच्या रविवारी त्यानं वाचावं आणि आजीनं ऐकावं.

मोबाइलवर शास्त्र सगळ्या भाषांत आहे, ऐकायलाही मिळतं, बसमध्ये ते उत्तम. पण सकाळच्या त्या पाच-दहा मिनिटांसाठी छापील पुस्तक हातात द्या. त्याच्यावर कुणाचा मेसेज येत नाही.

[दृश्य : एक वही. पानं दिसत नाहीत, फक्त हात आणि पेन.]

आणि प्रार्थना कशी करायची? शिष्यांनीही येशूला हेच विचारलं होतं, आम्हाला प्रार्थना करायला शिकवा. म्हणजे न येणं यात लाज नाही. १५३५ साली जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांना त्यांच्या न्हाव्यानं हाच प्रश्न विचारला. ल्यूथर यांनी त्याला सविस्तर लिहून कळवलं. प्रभूच्या प्रार्थनेची एकेक ओळ घे, तिच्यावर थांब, ती आपल्या शब्दांत देवाला सांग. सगळ्या ओळी झाल्याच पाहिजेत असं नाही, एका ओळीवर मन रमलं तर तिथेच राहा. आणि न्हाव्याला न्हाव्याचाच दाखला दिला : वस्तरा चालवताना तू इकडेतिकडे बघशील का? आमच्या मुलांना हे लगेच पटतं. 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' या ओळीवर एक दहावीतला मुलगा वडिलांच्या सुटलेल्या नोकरीबद्दल बोलू लागला. तोवर ती ओळ त्यानं हजारदा म्हटली असेल.

मुलांचा दुसरा गैरसमज असा की देवाशी नेहमी गोड बोलावं लागतं. त्यांना स्तोत्र १३ उघडून द्या. पहिल्या दोन वचनांत दावीद चार वेळा विचारतो, कोठवर? स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं. मैत्रिणींनी गटाबाहेर काढलेली, किंवा चाचणीत नापास झालेली मुलगी हे वाचते तेव्हा तिला परवानगी मिळते, रागावून, रडूनही प्रार्थना करायची.

ती कदाचित हे सगळं एका वहीत लिहील. आईनं ती वही वाचू नये. गादीखाली सापडली तरी नाही, काळजीपोटीही नाही. मुलीनं देवाला लिहिलेलं आपण उघडलं, की ती पुढचं पान आपल्यासाठी लिहिणार. तिच्या वागण्यातून काही गंभीर जाणवलं, तर तिला समोर बसवून विचारा. वहीला विचारू नका.

मग मोठ्यांनी करायचं तरी काय? पुन्हा एलीकडे या. सकाळ झाली, शमुवेलानं मंदिराची दारं उघडली, आणि एलीनं त्याला बोलावून विचारलं, परमेश्वर काय म्हणाला? झोपलास की जागा होतास, प्रार्थना केलीस ना, असं नाही विचारलं. मुलगा घाबरला होता, कारण निरोप एलीच्याच घराविरुद्ध होता. तरी एलीनं सगळं ऐकून घेतलं. आमच्या घरांत प्रश्न असतो, "वाचलंस का?" त्याचं उत्तर हो किंवा नाही, आणि बहुतेक वेळा खोटं हो. "आज काय होतं त्यात?" असं विचारून बघा. आणि जे उत्तर येईल ते ऐकायची तयारी ठेवा, कारण ते आपल्याबद्दलही असू शकतं. एका घरात मुलानं उत्तर दिलं की आज क्षमा करण्याबद्दल होतं, आणि बाबा, तुम्ही काकांशी दोन वर्षं बोलत नाही.

आपलं स्वतःचं वाचन मुलांना दिसू द्या, एवढं पुरे आहे. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचा विश्वास आधी आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता, असं प्रेषित पौल त्याला पत्रात लिहितो.

[दृश्य : भिंतीवरचं कॅलेंडर. मार्च.]

राहिला परीक्षेचा हंगाम. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा येतात आणि बऱ्याच मुलांची सवय तिथे तुटते. त्या दिवसांसाठी आधीच ठरवून ठेवा. मार्कमध्ये खूण घालून पुस्तक बाजूला, आणि रोज फक्त एक लहान स्तोत्र. ११७ वं दोनच वचनांचं आहे. १३१ आणि १३४ तीन-तीन वचनांची. २३ सहा वचनांचं, १२१ आठ. पेपरला निघताना बूट घालेपर्यंत होतं. शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या सकाळी पुन्हा मार्क, खुणेपासून पुढे.